सोनोग्राफी झाली ना, मग परत कशाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

"मघाशी झाली ना सोनोग्राफी? नॉर्मल आहे म्हणालात. मग परत कशाला?" मोटारसायकलवरून पडलेल्या एका तरुणाच्या वडिलांनी मला भर रात्री हे विचारलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती. पहिल्या तपासणीनंतर मी त्यांना "नॉर्मल आहे" एवढंच सांगून पुढच्या खाटेकडे वळलो होतो.

मी अकरा वर्षं इमर्जन्सी विभागात आहे. पेशंट आल्या आल्या खाटेपाशीच आम्ही जी सोनोग्राफी करतो, ती रेडिओलॉजिस्टच्या खोलीतल्या सोनोग्राफीसारखी नसते. तिथे एकेक अवयव निवांत पाहून, मोजून रिपोर्ट लिहितात. आम्हाला मोजक्याच प्रश्नांची उत्तरं हवी असतात, आणि ती लगेच. पोटात रक्त साचलंय का? हृदयाभोवती साचलंय का? श्वासागणिक फुफ्फुस छातीच्या आतून सरकताना दिसतंय, की मध्ये हवा शिरलीय? मार लागलेल्या पेशंटमध्ये यकृत आणि उजव्या किडनीच्या मधली जागा, प्लीहेभोवतीची जागा, ओटीपोट आणि हृदय बघायचं, शिवाय दोन्ही बाजूंची फुफ्फुसं. सरावलेल्या हाताला काही मिनिटं पुरतात. सलाइन, ऑक्सिजन चालूच राहतं आणि पेशंटला कुठे हलवावं लागत नाही.

पण पोटात थोडंच रक्त असेल तर ते पडद्यावर दिसत नाही. दिसायला बऱ्याचदा २०० मिली किंवा त्याहून जास्त साचावं लागतं. पोटाच्या मागच्या बाजूला, किडनीभोवती होणारा रक्तस्राव तर सहज निसटतो.

त्या मुलाची नाडी चाळीस मिनिटांत ९६ वरून १२८ वर गेली. रक्तदाब अजून ठीक होता. मी पुन्हा जेल लावून प्रोब उजव्या बरगड्यांवर टेकवला. यकृत आणि किडनी जिथे एका पांढऱ्या रेघेवर एकमेकांना टेकलेली असतात, तिथे आता एक काळी पट्टी होती, नखाएवढ्या रुंदीची. पहिल्या वेळी ती नव्हती. साठवलेली चित्रं मी नंतर पुन्हा पाहिली. फुटली होती डावीकडची प्लीहा, पण रक्त उतरून उजवीकडे साचलं होतं. सर्जनला फोन केला, मुलगा थिएटरमध्ये गेला आणि वाचला.

म्हणून रुग्णालयं चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नुसतं मशीन विकत घेऊन थांबू नका. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संघटनेच्या सूचनांमध्ये प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी जाणकाराने तपासलेल्या २५ ते ५० सोनोग्राफींचा सराव सांगितला आहे. नवख्या डॉक्टरला तेवढा सराव करू द्या. प्रत्येक तपासणीची चित्रं साठवा आणि ती नंतर कुणीतरी अनुभवी माणसाने पाहायलाच हवीत, रेडिओलॉजिस्ट असेल तर उत्तमच. रात्रपाळीला एकट्या पडलेल्या डॉक्टरला त्यातूनच आपलं काय निसटलं ते कळतं.

नातेवाइकांशी बोलायची माझी पद्धतही त्या रात्रीनंतर बदलली. आता मी पहिल्याच वेळी सांगतो, "आत्ता पोटात रक्त दिसत नाहीये. थोड्या वेळाने परत बघणार आहे. तोवर त्याला चक्कर आली, पोट जास्त दुखायला लागलं किंवा खांदा दुखतोय म्हणाला, तर माझी वाट बघू नका, लगेच सिस्टरना हाक मारा."

आपला,
इमर्जन्सी विभागातील एक डॉक्टर