ताजं कोंबडीखत थेट शेतात नको

मा. संपादक,
स. न.

पाऊस तोंडावर आलाय आणि आमच्या इंदूरजवळच्या सांवेरकडे पुन्हा ट्रॉल्या भरभरून कोंबडीखत यायला लागलंय, पोल्ट्रीतून उचललं की सरळ शेतात, भुसा पिसं सगळ्यासकट, ट्रॉली जवळून गेली तरी डोळे चुरचुरतात. शेणखत मिळत नाही, युरियाला लाइन लावावी लागते, म्हणून शेतकरी हे घेतो, त्याचा काही दोष नाही. खत पण जोरदार आहे, नत्र शेणखतापेक्षा कितीतरी जास्त. पण मातीतल्या जिवांचं काय होतं ते विकणारा सांगत नाही.

कोंबडी वेगळी लघवी करत नाही, तिचं बरंचसं नत्र विष्ठेतल्या त्या पांढऱ्या भागात यूरिक अ‍ॅसिड म्हणून असतं आणि ओल लागली की त्याचा भराभर अमोनिया होतो. गांडूळ श्वास घेतं तेच मुळी ओल्या कातडीतून, त्यात हा अमोनिया आणि वर खतातले क्षार, कसं टिकणार ते? आमच्या शेजारच्या शेतात गेल्या वर्षी जाड थर टाकला होता, पहिल्या सरीनंतर फावड्याने माती उलटवली तर वीतभर खोलीत एक गांडूळ नाही, आणि बांधावरच्या गवताखाली मात्र नुसती वळवळ. पाचोळ्याखाली टुणकन उडणारे ते पांढरे बारीक स्प्रिंगटेल, बुरशी खाऊन काडीकचरा कुजवायला मदत करणारे, तेही तिथे दिसले नाहीत. मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी या खताने कमी होतात हे खरंय, पण अमोनिया चांगला जीव वाईट जीव बघत नाही ना. शिवाय कोंबड्यांच्या फीडमधलं कॉपर आणि झिंक बरंचसं विष्ठेतून बाहेर येतं, ते मातीतून जात नाही, दरवर्षी साठत जातं, आणि कॉपर जास्त झालं तर गांडुळांना विषच.

हेच खत कुजवून टाकलं तर गांडुळं उलट वाढतात. कोंबडीखतात कार्बन नत्राच्या साधारण 10 पट, नीट कुजायला 25 ते 30 पट लागतो, म्हणजे भरपूर कार्बन असलेला काडीकचरा मिसळायलाच हवा. आणि आपल्याकडे तोच गव्हाचा काडीकचरा, नरवाई म्हणून दरवर्षी जाळतात! त्या आगीत वरच्या मातीतले जीव मरतात ते वेगळंच. हे इंदूरमध्ये सांगावं लागतं याचं फार वाईट वाटतं, कारण ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डांनी आपले सहकारी यशवंत वाडांसोबत 1924 ते 1931 मध्ये इथेच कंपोस्टची पद्धत बसवली, काडीकचरा, शेण, राख, माती असे थर, मधूनमधून उलटवायचं, साधारण 3 महिन्यांत खत तयार, आणि जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखतात.

आत्ता ढीग लावला तर सोयाबीनला नाही मिळणार पण बटाटा-लसणाच्या लागणीपर्यंत नक्की तयार होईल, फक्त ढिगावर पावसाचं पाणी पडू देऊ नका. कृषी विभागाने पोल्ट्रीवाल्यांना खत कुजवूनच विकायला सांगावं आणि आपणही हे पेरणीच्या आधी शेतीच्या पानावर छापावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर