बिलावर नुसतं 'रॅम 16 जीबी' चालणार नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामाची मेमरी, महाग झाल्याच्या बातम्या रोज यायल्यात. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळी मेमरी उचलली, मायक्रॉन ह्या मेमरी बनवणाऱ्या कंपनीनं तर डिसेंबर 2025 मधे क्रुशियल हा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. भावाचं आपल्या हातात काही नाही, पण आपल्याकडच्या दुकानांत जे चालायलंय त्याच्यावर जरा बोलायचंय.

परभणी घ्या, नांदेड घ्या, असेंबल पीसी (सुटे पार्ट जोडून केलेला) घेतला की बिलावर एकच ओळ असती, रॅम 16 जीबी. डीडीआर4 का डीडीआर5 (रॅमच्या जुन्या-नव्या पिढ्या), एक स्टिक (रॅमची पट्टी) का दोन, स्पीड काय, कंपनी कोणती, कशाचाच पत्ता नाही, आणि विचारलं तर म्हणतेत सगळं सारखंच असतंय. सारखं कुठलं राव! डीडीआर4 अन् डीडीआर5, दोन्हीला 288 पिनाच असल्या तरी खाच वेगळ्या जागी असती, एकीच्या मदरबोर्डात दुसरी बसतच नाही. एएमडीच्या रायझन 7000 पासून पुढच्या प्रोसेसरांच्या एएम5 बोर्डाला डीडीआर5 च लागती, इंटेलच्या 12 ते 14 जनरेशनच्या प्रोसेसरला मात्र बोर्ड कोणत्या रॅमचं ते बघूनच घ्यावं लागतंय.

माझा भाचा लातूरला क्लासला असतो, त्याचा पीसी मधूनच निळी स्क्रीन देऊन बंद पडायचा. दुकानदारानं न उघडताच निकाल दिला, रॅम गेली, दोन्ही बदला. मी कॅबिनेट उघडलं तर चार स्लॉटच्या बोर्डात दोन्ही स्टिका प्रोसेसरकडून पहिल्या-दुसऱ्या घरात शेजारी शेजारी कोंबलेल्या, म्हणजे दोन असून काम सिंगल चॅनलवर (डेटाच्या दोन वाटांपैकी एकाच वाटेवर), एका बैलावर औत धरल्यावाणी. त्या दुसऱ्या आणि चौथ्या घरात पाहिजेत. एकीची क्लिप तर अर्धीच लागलेली अन् आत बोटभर धूळ. लाइटची वायर काढून साफ केलं, पिना पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसल्या, आणि एक-एक स्टिक एकटी लावून रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 हा रॅम तपासायचा प्रोग्राम चालवलं (इन्व्हर्टर असल्याशिवाय ह्या भानगडीत पडू नका, लाइट जातीच). दोघींतही एक एरर नाही. मग घोळ कशाचा, तर एक 3200 स्पीडची, दुसरी वेगळ्या कंपनीची 2666 ची, आणि बायोसमधे (बोर्डाच्या सेटिंगमधे) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा स्पीडनं पळवायची सेटिंग, चालू करून दोघींनाबी 3200 वर पळवलेलं. एक्सएमपी बंद केलं, दोन्ही 2666 वर आल्या, निळी स्क्रीन गायब. ऐकलं असतं दुकानदाराचं तर ह्या भावात दोन चांगल्या स्टिका भंगारात गेल्या असत्या.

पीसी चालूच होत नसला, बीप वाजायल्या किंवा बोर्डावरचा डीरॅमचा (रॅममधे अडचण दाखवणारा) लाइट लागलेला असला तरी आधी हेच, एक स्टिक, दुसरं घर, क्लिप टक्क वाजेपर्यंत दाब. डीडीआर5 चा नवा पीसी पहिल्यांदा लावल्यावर कधीकधी काही मिनिटं काळी स्क्रीन असती, तो मेमरी ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबत बसू नका. एक्सएमपी बंद ठेवून, घर बदलूनही मेमटेस्टमधे एक जरी एरर आली तर मात्र ती स्टिक बदलायचीच, तिथं दयामाया नाही. आणि सीपीयू-झेड ह्या पीसीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममधे 1600 दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा देती, 1600 म्हणजेच 3200.

घेताना एका पाकिटातली जोडीच घ्या, 8 जीबीच्या दोन. दुकानातच विंडोजचा टास्क मॅनेजर उघडायला लावा, त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. स्पीड किती आणि किती स्लॉट भरलेत ते तिथंच दिसतंय, मिनिटभराचं काम.

व्यापारी संघटनांनी आपल्या दुकानदारांना सांगावं की बिलावर प्रकार, स्पीड, स्टिका किती, पार्ट नंबर आणि सिरियल नंबर टाका. कितीतरी कंपन्या रॅमला लाइफटाइम वॉरंटी देतेत पण बिलावर नंबरच नसला तर गिऱ्हाइक काय दाखवणार? आणि खराब म्हणून काढलेली जुनी स्टिक दुकानात सोडून येऊ नका, हातात मागून घ्या, वरचं स्टिकर फाडू देऊ नका.

आपला एक वाचक,
परभणी