मावशी, तुम्ही तीन मजले चढून आलात

प्रिय मावशी,

तुम्ही मोबाइलवर वाचत नाही, म्हणून हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण घरी येऊन आभार मानले की "त्यात माझं काय?" म्हणत तुम्ही विषय बदलता.

२०१८ साली आईला अर्धांगवायू झाला. ठाण्यातल्या उथळसरचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. तलावपाळीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला रोज पहाटे चालत जाणारी बाई खिडकीपाशी खिळली. औषधं, व्यायाम, सांभाळायला बाई, सगळ्याची सोय मी केली. मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, सोय मला करता येईना. फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी यायचे, पण मधल्या रविवारी घंटा ऐकली की ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

मग आमच्या चर्चच्या धर्मग्रामाने तुम्हाला कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून घेतात ती मिस्सातली पवित्र भाकर, देऊन पाठवलं, आणि आईने तुम्हालाच परत पाठवलं! "फादरशिवाय कुणाच्या हातून घेणार नाही," बोबड्या शब्दांत ती म्हणाली. तिच्या लहानपणी वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून, जिभेवर, फक्त धर्मगुरूंच्या हातून कम्युनियन मिळे. आजाऱ्यांपर्यंत ते नेण्याची मुभा सामान्य भाविकांना १९७३ साली, पोप सहावे पॉल यांच्या काळात मिळाली, असं मी तिला समजावू लागलो. तुम्ही मला थांबवलंत. "राहू दे रे. तिला धाक वाटतो, तो चांगला आहे." तिच्या उशाशी बसून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटलीत आणि गळ्यातली कम्युनियनची डबी तशीच घेऊन चर्चला परतलात. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी आईने स्वतःच तोंड उघडलं.

जिन्यात तुम्ही कुणाशी बोलत नसत. शेजाऱ्यांना तुम्ही शिष्ट वाटायचात, खरं सांगायचं तर मलाही. एकदा विचारलं, तर म्हणालात, "वर येताना मी एकटी नसते." उतरताना मात्र पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे कोलंबीचा भाव विचारत अर्धा तास उभ्या राहायचात.

"प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही," हे आपण प्रत्येक मिस्सात कम्युनियनआधी म्हणतो. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात हे शब्द एका रोमन शताधिपतीचे, म्हणजे शंभर सैनिकांच्या नायकाचे, आहेत, त्याचा चाकर घरी पक्षाघाताने पडून होता. आई ते म्हणताना खरोखरच वर बघायची. आमच्या छताला ओल आली होती. ईस्टरच्या आधी तिने मला स्लॅबची डागडुजी करायला लावली. "तो दर रविवारी येतो, आणि तू छप्पर असं ठेवतोस?"

पुढे तिला गिळता येईना. डॉक्टरांनी पातळ पदार्थच द्यायला सांगितले. आता हे संपलं, असं मी ठरवलं आणि तुम्हाला फोन केला. तुम्ही फादरना विचारून आलात आणि नखाएवढा तुकडा चमचाभर पाण्यातून दिलात. एवढ्याशात काय, हे माझ्या तोंडून निघून गेलं. "कणातही तो पूर्णच असतो," तुम्ही म्हणालात. १५५१ साली ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मपरिषदेने हेच सांगितलं, हे मी नंतर वाचलं, लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठही केलं असेन. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो: घास अजिबात उतरत नसेल, तर नुसता पवित्र द्राक्षारसही देता येतो. फादरना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका, मी करणार होतो तसं.

त्याच दिवशी एक कण टेबलावरच्या आईच्या क्रोशाच्या रुमालावर पडला. तुम्ही वाकलात. बोटाचं टोक ओलं करून तो कण उचललात, तोंडात घातलात आणि मान खाली घालून थांबलात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. कित्येक वर्षांनी माझे गुडघे टेकले.

ठाण्यात १३२१ साली फ्रान्सिस्कन संघाच्या चार धर्मबंधूंनी श्रद्धेसाठी प्राण दिले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण श्रद्धा म्हटलं की मला आमच्या जिन्याचा कठडा धरून, एक हात छातीवरच्या डबीवर ठेवून चढणाऱ्या तुम्ही दिसता.

मार्च २०२० मध्ये चर्च बंद झालं. दर रविवारी मोबाइलवरची मिस्सा संपली की तुमचा फोन यायचा आणि तुम्ही दोघी आत्मिक कम्युनियनची, म्हणजे भाकर मिळत नसताना मनानेच ख्रिस्ताला बोलावण्याची, प्रार्थना म्हणायचात. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, प्रार्थनास्थळं उघडली. तुम्ही मास्क लावून पुन्हा आलात तेव्हा आई लहान मुलीसारखी रडली.

तिच्या शेवटच्या रात्री धो धो पाऊस होता. फादरांसोबत तुम्हीही भिजत आलात. मरणाऱ्याला देतात त्या कम्युनियनला लॅटिनमध्ये व्हियाटिकम म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी. आईला तो शब्द ठाऊक नव्हता. पण नंतर तिने तुमचा हात सोडला नाही, आणि तुम्हीही उजाडेपर्यंत सोडवून घेतला नाहीत.

आता जिना तुमच्या गुडघ्यांना झेपत नाही. रविवारी दुसरं कुणीतरी डबी घेऊन तुमच्या घरी येतं, असं कळलं. नातीच्या हाती आईचा तो रुमाल पाठवतोय, तुमच्या टेबलावर घालायला. उजव्या कोपऱ्यातला मेणाचा डाग काही केल्या निघाला नाही. पाण्याचा पेला तिथे ठेवा.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा