बोट घ्या म्हणता, पण इंजिन कोण बघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या तरुणांनी नोकरीमागे न धावता मासेमारी बोट घ्यावी म्हणून तुम्ही तब्बल अर्धं पान खर्ची घातलंत, त्याबद्दल अभिनंदन. फोटो झकास होता. बोट पर्ससीन जाळ्याची आणि मजकूर गिलनेट जाळ्याचा, म्हणजे मासेमारीच दोन तऱ्हेची, पण एवढं कोण बघतो!

लेखातली अनुदानाची माहिती बरोबर आहे, ते आधी कबूल करतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. खोल समुद्रातल्या बोटीची १ कोटी २० लाख ही धरलेली किंमतही बरोबर. त्यापुढचा तक्ता मात्र लेखकमहाशयांनी घरी पंख्याखाली बसून केलेला दिसतो. डिझेल आहे, बर्फ आहे, खलाश्यांचा पगार आणि शिधा आहे, बँकेचा हप्ता आहे. इंजिनाच्या देखभालीचा रकानाच नाही. जाळं फाटत नाही, बुडाला शिंपले धरत नाहीत, गिअरबॉक्स अमर आहे. वर महिन्याच्या नफ्याला बारानं गुणलंय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते हे रत्नागिरीतून निघणाऱ्या वर्तमानपत्राला मी कळवायचं म्हणजे कमालच झाली. त्या दोन महिन्यांत बँक हप्ता थांबवत नाही, आणि बोट शाकारून ठेवायलाही पैसे पडतात.

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींच्या इंजिनांची कामं करत म्हातारा झालो. त्यामुळे लेख वाचून मला आधी माझा भाचा आठवला.

भाचा मुंबईत चांगल्या नोकरीत होता. ती सोडून आला आणि असाच कुठलातरी हिशेब बघून त्यानं जुनी बोट ठरवली. मला दाखवायला नेलं ते इसार दिल्यानंतर. ‘मामा, आत वाकून बघा, एक थेंब पाणी नाही. एकदम कोरडी बोट!’ मी वाकून बघितलं. खरंच कोरडी होती. तिथंच माझ्या पोटात गोळा आला.

तुमच्या लेखकाला माहीत नसेल म्हणून सांगतो. इंजिनापासून बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याकडे जाणारा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, बोटीच्या बुडातून बाहेर पडतो. त्या जागी पाणी आत येऊ नये म्हणून ग्लँड असते. ग्रीस लावलेल्या सुती दोरीचे तुकडे कापून ते कड्यांसारखे एकामागे एक तिच्यात बसवायचे आणि नट आवळायचे. याला आम्ही पॅकिंग म्हणतो. कड्यांचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, हे पोऱ्यालासुद्धा पहिल्या दिवशी शिकवतात. आणि शाफ्ट फिरत असताना तिथून थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे. पॅकिंग गार राहतं ते त्याच पाण्यानं. विकणाऱ्यानं गिऱ्हाईक येणार म्हणून नट पार आवळून ठेवले होते. नवख्याला कोरडी बोट म्हणजे चांगली बोट वाटते हे त्याला पक्कं ठाऊक. इंजिनही आम्ही पोचायच्या आधीच तापवून ठेवलेलं. थंड इंजिनाला स्टार्टर मारायला लावला असता तर धुरानंच सगळं सांगितलं असतं.

मी म्हटलं, इसार सोड. इसार मोठा होता आणि भाच्याचा मोबाईलवरच्या व्हिडिओंवर मामापेक्षा जास्त विश्वास. ग्लँड सैल करून घे एवढं तरी ऐक म्हटलं, तर म्हणतो, ‘गळायला लागली तर?’ मग काय व्हायचं तेच झालं. खोल पाण्यात पॅकिंग जळलं, आतला शाफ्ट चरे पडून झिजला, आणि जी बोट थेंबभर गळत नव्हती तिच्यात खलाशी बादल्यांनी पाणी उपसत बसले. दुसऱ्या बोटीनं बांधून आणली. शाफ्ट नवा, पॅकिंग नवं, ऐन हंगामात बोट किनाऱ्यावर. बुडाचं फायबर ठोकून बघितलं तर एका बाजूला आवाज बद्द. जुनं लाकूड कुजलेलं आणि त्याच्यावरून फायबर चढवून रंग दिलेला. लाकडी हातोडी घेऊन बुडावरून एक फेरी मारली असती तर हे व्यवहाराच्या दिवशीच कळलं असतं. पण आधी सौदा आणि मग शिक्षण अशी आता रीत पडली आहे, आणि तिला तुमच्यासारखे खतपाणी घालतात.

साधी रिक्षा चालवायची तर लायसन्स लागतं, बॅज लागतो. बोटीचा मालक व्हायला तुम्हाला डिझेल फिल्टर कुठं असतो हे माहीत असायची गरज नाही.

यावर तुमचा लेखक म्हणेल, प्रशिक्षण केंद्रं आहेत की. आहेत ना. मत्स्यव्यवसाय खात्याचं केंद्र रत्नागिरीतच आहे. नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल, सहा महिन्यांचं प्रशिक्षण, फी अगदी किरकोळ. चांगली सोय आहे, आमच्याकडची बरीच पोरं तिथून शिकून आली. पण अटी वाचा. वय १८ ते ३५, पोहता आलं पाहिजे, आणि मासेमारीचा दोन वर्षांचा अनुभव. अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ज्याचं पोट पहिल्या लाटेला उलटतं त्याला वर्गात बसवून काय करणार? माझं म्हणणं एवढंच की सरकार सहा महिने शिकवायला दोन वर्षांचा अनुभव मागतं, आणि तुमची पुरवणी मात्र लेख वाचून झाल्यावर थेट बँकेत पाठवते. लेखात केंद्राचं नावही नाही. कोचीला केंद्र सरकारची ‘सिफनेट’ ही प्रशिक्षण संस्था १९६३ पासून बोटींचे स्किपर आणि इंजिन ड्रायव्हर तयार करते, तिचं तर सोडाच.

मग अनुभव कुठून आणायचा? दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचं. निदान एक अख्खा हंगाम तरी. जाळं ओढायचं, भांडी घासायची, तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याच्या, शिव्या खायच्या. डिझेलमध्ये पाणी आलं किंवा डिझेलच्या नळीत हवा अडकली, म्हणजे एअर धरली, की इंजिन कसं गुदमरतं ते कानानं ओळखायला शिकायचं. अंधारात, बोट डोलत असताना, बॉल्ट सैल करून एअर काढायची आणि तो बॉल्ट हातातून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, पडू द्यायचा नाही. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी चकती फाटली की इंजिन तापतं, ती चकती सोबत जादा ठेवायची, बदलायला शिकायची. आणि जूनमध्ये बोटी वर ओढल्या की घरी न जाता वर्कशॉपात यायचं. इंजिनं खोललेली असतात तेव्हाच आतलं बघायला मिळतं. आमच्याकडे कुणीही येऊन उभा राहावा, फी नाही. चहा मात्र ज्याचा त्यानं.

न शिकलेल्या मालकाचं काय होतं हे बंदरावर रोज दिसतं. तांडेल म्हणेल ती पूर्व. बोट रिकामी आली, इंजिन तापत होतं म्हणाला, मान डोलवायची. डिझेल जास्त लागलं, वारा समोरचा होता म्हणाला, पुन्हा मान डोलवायची. आता खलाशी बहुतेक नेपाळचे, हंगामाच्या मध्यात कोण कधी गावी जाईल सांगता येत नाही. त्या दिवशी मालकाला स्वतःला बोट काढता येत नसेल तर ती धक्क्यालाच. माझ्या भाच्याचा तांडेल गणपतीत गेला तो दिवाळीनंतर उगवला. हप्ते चालूच होते.

फयान वादळाच्या वेळी, नोव्हेंबर २००९ मध्ये, जयगड खाडीत शिरायचं की देवगड गाठायचं हे ठरवायला तक्ता उपयोगी पडत नव्हता. जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरचे परत आले नाहीत तेही तुमचं वर्तमानपत्र वाचतात.

जाता जाता आणखी एक. पूर्वी तुम्ही तिसऱ्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा छापत होतात. रंगीत पानं आली तेव्हापासून त्या गायब आहेत. मी दोनदा फोन केला, ‘सुचवणीची नोंद घेतली’ असं उत्तर मिळालं. भाट्ये खाडीच्या तोंडाशी वाळू किती साचली आहे ते तुमच्याच वार्ताहरानं मागे लिहिलं होतं. ओहोटीला तिथं बोट घातली तर रुतते, नाहीतर लाटेवर आडवी होते. मोबाईलवर वेळा मिळतात हे मलाही माहीत आहे, पण राजिवड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तो मोबाईल वाचता येत नाही. राशिभविष्याला तुम्ही पाव पान देता. मीन राशीचे चार शब्द कमी करा आणि तेवढ्या जागेत उद्याच्या भरतीची वेळ टाका.

आपला,
एक निवृत्त इंजिन मेस्त्री,
मिरकरवाडा, रत्नागिरी

ता. क. : पत्र कापून छापायचं असेल तर वरची स्तुती कापा, ग्लँडचा परिच्छेद कापू नका.