युधिष्ठिराचा हेतू, त्याच्याच तोंडून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युधिष्ठिर द्यूत का खेळला, या वादात दोनच उत्तरं फिरत असतात: क्षात्रधर्म किंवा व्यसन. पहिल्याला सभापर्वात आधार आहे. विदुर निमंत्रण घेऊन येतो तेव्हा युधिष्ठिर म्हणतो, ‘आहूतोऽहं न निवर्ते कदाचित्’, बोलावलं की मी माघार घेत नाही. दुसरं शकुनीचं: ‘द्यूतप्रियश्च कौन्तेयो न च जानाति देवितुम्’. खेळायची हौस आहे, पण येत नाही. अर्थात हे शत्रूचं मत, तेही दुर्योधनाला धीर देताना दिलेलं.

तिसरं उत्तर वनपर्वात आहे आणि ते कुणी काढत नाही. द्वैतवनात भीम टोचून बोलतो, तेव्हा युधिष्ठिर कबुली देतो: ‘अहं ह्यक्षानन्वपद्यं जिहीर्षन् राज्यं सराष्ट्रं धृतराष्ट्रस्य पुत्रात्’. दुर्योधनाचं राज्य घ्यायला म्हणूनच फासे हाती घेतले! ‘जिहीर्षन्’ हे ‘हृ’ धातूचं इच्छार्थक रूप; त्यातून नाइलाज कसा निघणार? भावाचा राग शमवायला त्याने दोष थोडा जास्तच ओढून घेतला असेल, हे मान्य. पण विदुरासमोरचं वाक्य राजाचं आहे, हे घरातलं. मला घरातलं अधिक खरं वाटतं.

तो पुढे म्हणतो, सम-विषम दान शकुनीला हवं तसं पडतंय हे दिसत होतं, मन आवरता आलं असतं, पण ‘मन्युस्तु हन्ति पुरुषस्य धैर्यम्’, राग माणसाचा धीर घालवतो. हे डोक्यात ठेवून पणांचा क्रम पाहा. नकुल आणि सहदेव हरल्यावर शकुनी डिवचतो: माद्रीचे मुलगे लावलेस, भीम-अर्जुन जास्त लाडके दिसतात. लगेच अर्जुन, मग भीम, मग स्वतः. द्रौपदीचं नावही शकुनीच सुचवतो. इथे लोभ मागे पडलाय, चीड खेळतेय.

अनुद्यूताचं, म्हणजे दुसऱ्यांदा झालेल्या द्यूताचं, वेगळं. तिथे धृतराष्ट्राची आज्ञा आहे आणि ‘जानन्नपि क्षयकरं’, नाश होणार हे ठाऊक असून तो परततो. क्षात्रधर्माचं उत्तर चालतं ते इथे. दोन्ही डावांना एकच हेतू चिकटवला की गोंधळ होतो. (शकुनीचे बापाच्या हाडांचे फासे व्यासांच्या कथेत नाहीत, हेही जाता जाता.)

हौसेपुरतं मात्र शकुनीचं खरं मानावं लागतं. वनवासात बृहदश्व ऋषींकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकून युधिष्ठिर विराटाकडे राहिला तो कंक हे नाव घेऊन, राजाशी फासे खेळत.

आपला,
एक वाचक