फोन बाहेर ठेव

सातारा,
रविवार, दुपार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

सकाळी तू फोन आपटलास. मोबाइल आपटता येत नाही हे ठाऊक आहे, पण इकडे तसंच वाटलं. ‘सोड ती नोकरी’ हे मी बोलायला नको होतं. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. चहा दोनदा मिळाला, पण कप टेबलावर ठेवण्याची पद्धत बदलली आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं कोर्टाच्या रोजनाम्यात उतरवण्यात गेली, म्हणून लिहितो.

आधी सांग, झोपलीस का? इकडे सकाळचे नऊ, म्हणजे ऑस्टिनला शनिवारचे रात्रीचे साडेदहा. मागे प्रिंटर चालल्याचा आवाज येत होता. शनिवारी रात्री घरात प्रिंटर कशाला चालतो?

तुझ्या हाताखालची ती स्वयंसेविका मध्येच सोडून गेली, त्या मुलांची कोर्टातली सुनावणी पंधरा दिवसांवर आली आणि अहवाल आता तुझ्या गळ्यात, एवढं मला समजलं. अकरा महिने दर महिन्याला त्या भावंडांना भेटत होती म्हणालीस. नवऱ्याची बदली झाली त्याला तीही काय करणार. पण त्या धाकट्याने तुला विचारलं, ‘तिला मी आवडत नव्हतो का?’ हे सांगताना तुझा आवाज गेला आणि मी त्यावर नोकरीचं काढलं. माझं डोकं कुठे होतं देव जाणे. मुलांची नावं तू कधीच सांगत नाहीस, ते बरोबर आहे. आईने कितीही खोदून विचारलं तरी सांगू नकोस.

तुला वाटतं मला तुझं काम कळत नाही. चार भिंतींच्या टेकडीवर फिरायला येणाऱ्या सगळ्यांना मी सांगितलंय. हे स्वयंसेवक म्हणजे वकील नव्हेत, साधी माणसं. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शाळेत शिकवणारी. तीस तास शिकवायचं, मग जज्जापुढे शपथ, आणि फॉस्टर घरात, म्हणजे आईबापांपासून काढून तात्पुरतं दुसऱ्यांकडे सोपवलेल्या मुलाला भेटून, शाळेत विचारून, त्याच्या हिताचं काय ते कोर्टाला लिहून द्यायचं. आणि अशा सत्तावीस जणांना माझी मुलगी सांभाळते. जोशी म्हणाले, ‘म्हणजे मुकादम.’ मी म्हटलं, तसंच समजा. सिॲटलच्या त्या सूकप जज्जाचीही गोष्ट सांगितली. मुलांची पुरती माहिती हाताशी नसताना निकाल द्यावे लागतात हे त्याला खुपलं, त्याने लोकांना डबा घेऊन बोलावलं आणि पन्नास माणसं आली. १९७७ साली ते काम सुरू झालं. मी कोर्टात चिकटलो तेही १९७७च. हे योगायोग मला फार आवडतात, तुला माहीत आहे.

आणि टेक्सासात म्हणे अशा प्रकरणाला एक वर्षाची मुदत, फार तर १८० दिवस वाढवून. माझ्या टेबलावर वाटपाचे असे दावे होते की वादी गेला, प्रतिवादी गेला, वारस तारखांना येत होते. हे ऐकून मी खरंच खुर्चीत सावरून बसलो होतो.

आता दोन गोष्टी सांगतो. स्वयंसेवकांना अहवालात ‘मला असं वाटतं’ फार लिहू देऊ नकोस. कधी गेलो, काय पाहिलं ते लिहू दे. पोराच्या पायातले बूट त्याच्या मापाचे होते का, दप्तर कुठे ठेवलेलं होतं, हाक मारल्यावर त्याने आधी कुणाकडे पाहिलं. जज्जाला त्यातून कळतं. आणि ज्यांना पगार नाही त्यांच्यावर रागावून चालत नाही. रागावलं की माणूस एक महिना गप्प बसतो आणि मग येतच नाही. एकेकाला महिन्याला एकदा तरी… असो. सत्तावीस जणांना शिकवणाऱ्या बाईला मी शिकवतोय. पुन्हा चुकलो.

तुमच्या नियमात स्वयंसेवकाने मुलाला स्वतःच्या घरी न्यायचं नाही असं आहे ना? मग तू रोज रात्री इतक्या पोरांना घरी आणतेस त्याचं काय? फोन उशाशी घेऊन झोपतेस. तो दुसऱ्या खोलीत ठेव. रात्रीची निकड कुणी पाहायची त्याची पाळी लावून घ्या. जानेवारीत तुला चक्कर आली होती हे केदारने सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस, मीच वदवून घेतलं.

सकाळपासून मला बंड्या आठवतोय. तू नऊ वर्षांची होतीस. दोन वर्षं तो आपल्याकडे राहिला आणि मग अण्णांनी ठरवलं की मिरजेला जायचं. एसटी स्टँडवर मी सोडायला गेलो. तू दिलेला कंपासपेटीचा डबा त्याने दप्तरात ठेवला नव्हता, दोन्ही हातांत धरला होता, आत करकटक खुळखुळत होतं. खिडकीतून म्हणाला, ‘काका, सहामाही इथेच देऊ का?’ मी म्हटलं, ‘तिथली शाळा चांगली आहे.’ मी ती शाळा पाहिलेली नव्हती.

त्याच आठवड्यात कोर्टात ताब्याच्या एका अर्जात मी लिहिलं होतं, ‘अज्ञान मुलगा हजर.’ अज्ञान म्हणजे कोर्टाच्या भाषेत अल्पवयीन. असं किती वेळा लिहिलं असेल. कधी साहेब चेंबरमध्ये बोलावून विचारत, नाही असं नाही. पण बऱ्याचदा ते पोर व्हरांड्यातल्या बाकड्यावर पाय हलवत बसलेलं असायचं आणि शिपाई त्याला बिस्किटं द्यायचा. आता कायदा नवा आहे, बाल कल्याण समिती आहे, सामाजिक तपासणी अहवाल असतो. बंड्याच्या वेळी तर प्रश्न कोर्टातही नव्हता. घरातल्या घरात, जेवणं झाल्यावर, पाच मिनिटांत मिटला. तू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस.

आई म्हणते, तू आयटी सोडलीस ती त्यामुळेच. मी तुला हे कधी विचारलेलं नाही. आताही विचारत नाही.

नोकरी सोडू नकोस. हे लिहायला मला दीड तास लागला. पण जेवण वेळेवर घे, आणि रात्री अकरानंतर अहवाल नको, सकाळच्या डोळ्यांना चुका दिसतात. पुढच्या रविवारी मी फोन करणार नाही, तू कर, झोप झाल्यावर. त्या धाकट्याला तू काय उत्तर दिलंस ते सांगण्यासारखं असलं तर सांग. नसलं तर नको.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारतेय, भाजणी संपली का. म्हणजे बोलली. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलास तर तिथेच राहील.