वाशिष्ठी नदीकाठच्या सायकलवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानाला पाटी नाही, म्हणून पत्ता असाच लिहिला आहे. तोंडी आभार मानले की तुम्ही "हां, असू दे" म्हणून पान्हा उचलता. तेव्हा लेखी घ्या, आणि जाहीर घ्या. इकडे कोकणात रोड बाइक (बारीक टायरची, गिअरची वेगवान सायकल) घेऊन येणाऱ्या बाकीच्यांच्याही ते कामाला येईल.

पुण्याहून येणारी सायकल एका मोठ्या घाटाच्या हिशोबाने तयार होऊन येते. कुंभार्ली घाट उतरला की पुढे समुद्र, म्हणजे सपाटी, असा सगळ्यांचा समज. तो तुम्ही सायकलची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, बघूनच मोडता. धोपाव्याला फेरीबोटीतून उतरलं की चढ. वेळणेश्वरला उतरा, चढा, हेदवीला उतरा, परत चढा. तवसाळच्या जेटीवर पाण्याच्या पातळीला आलं की खाडीपलीकडे जयगड आणि पुन्हा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. शंभर-सव्वाशे मीटर वर आणि तेवढंच खाली, दिवसभर हेच. नाव घेण्याजोगा चढ एकही नसतो आणि संध्याकाळी बेरीज कुंभार्लीला मागे टाकते.

यावर तुमचा उपाय एकच: मागची ११-२८ ची (सगळ्यात लहान चकती ११ दातांची, मोठी २८ ची) कॅसेट काढायची आणि ११-३४ बसवायची. पुढे ३४ दात आणि मागे २८ असले की पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर जाते; मागे ३४ असले की २.१ मीटर. मिनिटाला साठ फेरे धरले तर पहिल्यात ताशी नऊ किलोमीटरच्या खाली आलात की गुडघा बोलायला लागतो, दुसऱ्यात साडेसातपर्यंत निभावतं. दहा टक्क्यांच्या चढावर हा फरक फार मोठा आहे. नुसती कॅसेट बदलून भागत नाही, हेही तुम्ही दरवेळी बजावता. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो डिरेलर; आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला ३४ दात झेपत नाहीत, मधल्या लांबीचा लागतो. चेनही नव्याने मोजावी लागते: पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकत्यांवरून, डिरेलरमधून न नेता ओढून धरायची आणि वर एक इंच ठेवायची. आखूड राहिली तर पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चकतीवर चेन पडल्यावर हँगरच, म्हणजे डिरेलर जिथे फ्रेमला अडकतो तो तुकडाच, मोडतो.

हँगरसाठी तर तुम्हाला वेगळा नमस्कार. रेल्वेच्या ब्रेक व्हॅनमधून आलेल्या सायकलीवर कोणाचं तरी खोकं पडलेलं असतं. बाहेरून काही दिसत नाही. गिअर अडखळतात म्हणून माणूस केबलचा स्क्रू पिळत बसतो, आणि पहिल्या खड्या चढावर सगळ्यात मोठ्या चकतीला गेलं की डिरेलर चाकाच्या आऱ्यांत घुसतो. डिरेलर, हँगर आणि दोन-चार आरे एकदमच जातात. हँगर वाकलाय का हे मोजायचं महागडं हत्यार तुमच्याकडे नाही. तुम्ही काय करता, ते इथे मुद्दाम लिहितो. गिअरच्या सायकलचं एक जुनं मागचं चाक घ्यायचं. त्याच्या एक्सलची (मधल्या आसाची) जाडी १० मिमी आणि आटा १ मिमीचा असतो, हँगरच्या भोकाचाही तोच. डिरेलर काढायचा आणि त्या चाकाचा एक्सल सरळ हँगरमध्ये पिळायचा. आता दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहतात. दोन रिमांमधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे टेपने मोजायचं. चारही ठिकाणी सारखं आलं तर हँगर सरळ. नाही तर तेच चाक धरून हळूहळू वाकवायचं. तीन-चार मिलिमीटरच्या आत आलं की थांबायचं, कारण ॲल्युमिनियम पुढेमागे वाकवत राहिलं की तुटतं. मात्र आधी एक्सलचे आटे हाताने दोन फेरे जाऊ द्यायचे. अडले तर जोर करायचा नाही, नाही तर हँगरचे आटे जातात.

टायरच्या बाबतीत तुमचं मत आता सगळ्यांनी मान्य करावं. २५ मिमीचा टायर डांबरावर चालेल. जांभ्याची खडी उसवलेल्या वळणावर २८ हवा, आणि फ्रेममध्ये जागा असेल तर ३२. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाने २८ मिमीला पुढे ७० आणि मागे ७५ पीएसआय (दाबाचं माप) हवा भरावी, पावसात दोन्हीकडे पाच कमी. आमच्यातले काही जण अजून १०० भरतात आणि हातांना मुंग्या येतात म्हणून हँडलच्या पट्टीला दोष देतात.

पंक्चर होतं ते बहुतेक दोन गोष्टींनी. ट्रकच्या फुटक्या टायरमधली केसासारखी बारीक तार, आणि जेटीजवळ कालवांच्या कवचांचे तुकडे. तार डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, तो अडकेल तिथे तार. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर दहा किलोमीटरवर परत तेच. दमट हवेत सोल्यूशन वाळायला वेळ लागतो. पाच मिनिटं म्हणतात, तुम्ही आठ-दहा लावता, बोट लावून चिकटपणा गेल्याची खात्री करता आणि मगच पॅच ठेवता. घाईत बसवलेल्या पॅचच्या कडेने हवा का जाते, ते यातच आलं.

आणि ते पितळी अडॅप्टर! रोड बाइकचा वॉल्व्ह बारीक, वर छोटा स्क्रू असलेला. गावातल्या पंपाचं तोंड त्यावर बसत नाही, पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरचंही नाही. ऐंशी हजारांची सायकल अडॅप्टरपायी हातात धरून चालवावी लागते. तुम्ही दर सायकलच्या वॉल्व्हवर एक अडॅप्टर पिळून ठेवता आणि वर टोपी लावता, म्हणजे हरवत नाही.

कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना ब्रेक दाबून धरून येणाऱ्यांना तुम्ही रिमला हात लावायला सांगता. चटका बसला की वेगळं समजवावं लागत नाही. वळणाआधी जोरात ब्रेक, वळणात सोडायचा, पुढचा-मागचा आळीपाळीने. पावसाळ्यात लाल चिखलाबरोबर रिमचेच ॲल्युमिनियमचे कण ब्रेकच्या रबरात रुतून बसतात आणि मग रबर रिम खरवडतं. खर्र आवाज आला की रबर काढून टाचणीने ते चमकणारे कण उपटायचे. डिस्क ब्रेकवाल्यांनी रेझिनच्या ऐवजी धातूचे पॅड घालावेत. आवाज करतात, पण ओल्या मातीत टिकतात. झाडीतल्या वळणांवर शेवाळ पाऊस संपल्यावरही बरेच दिवस राहतं, तिथे ब्रेक नाही आणि झुकणंही नाही.

फेरीबोटीबद्दल थोडंच. उतारावर लोखंडी फळी ओली असते, क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घालून सायकलवर बसून खाली जाऊ नये. ओहोटीला उतार जास्त खडा होतो. बोटीत सायकल डिरेलरची बाजू मोकळी ठेवून टेकवायची, आणि जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद कडी कापून, पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबून ती लिव्हर आणि हँडल दोन्हींवर चढवायची, म्हणजे चाक फिरत नाही. ती कडी तुम्ही फुकट देता. खाऱ्या पाण्याचे तुषार उडाले असतील तर त्याच दिवशी गोड्या पाण्याची बादली ओतायची, प्रेशरने धुवायचं नाही. पाणी बेअरिंगमध्ये जातं. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) महिन्यातून एकदा काढून ग्रीस लावायचं, नाही तर खारेपणाने फ्रेममध्ये कायमचा चिकटतो. दिशेचंही तुमचंच ऐकतो: दिवाळीनंतर दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो, तेव्हा उत्तरेकडून दक्षिणेला जावं.

तुमच्या भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ अजून दिसते. त्यानंतर गावातल्या सायकली, शाळेच्या पोरींच्या, दूधवाल्यांच्या, तुम्ही एकेक करून उघडल्यात. हबमधला (चाकाच्या मधल्या भागातला) गाळ धुतलात, गंजलेले छर्रे टाकलेत, नवे घालून त्यांना धरणारे कोन (शंकूसारखे नट) बसवलेत. वरून पुसलेली सायकल दोन आठवडे बरी चालते आणि मग हब खरखरतो, हे माहीत असल्यामुळे एकही नुसती पुसून परत दिली नाहीत. त्यापुढे आमच्या रोड बाइकचं काम म्हणजे सुट्टीचं काम, हे आम्हाला कळतं.

सोबतच्या खोक्यात पितळी अडॅप्टर, २८ मिमीच्या लांब वॉल्व्हच्या ट्यूब, धातूचे डिस्क पॅड आणि हँगर ठेवले आहेत. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, म्हणून प्रत्येकाला फ्रेमचं नाव लिहून चिठ्ठी बांधली आहे. इकडे जास्त येणाऱ्या फ्रेमचेच घेतलेत. याचे पैसे देऊ नका. ज्याला लागेल त्याच्याकडून तुम्ही घ्या. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी व्हायच्या आत पोचावं म्हणून आत्ताच पाठवतोय.

आपले,
वाशिष्ठी ते काजळी नदीपर्यंत फिरणारे सायकलवाले